रई-तोसाचं जंगल: नुसती तोडबंदी पुरेशी आहे का?

दरीकाठ (धागाकर्ता)

कुलू-सिमल्याकडे साधारण अडीच हजार मीटरच्या वर गेलं की देवदार मागे पडतो आणि रई-तोसाचं जंगल लागतं. रई म्हणजे स्प्रूस, तोस म्हणजे फर. लांबून दोन्ही सारखीच. शंकू पाहिले की फरक कळतो. रईचे लोंबतात आणि अख्खे खाली पडतात. तोसाचे फांदीवर ताठ उभे असतात आणि तिथेच खवले सुटून झडतात.

या लाकडाच्या एके काळी सफरचंदाच्या पेट्या व्हायच्या. ऐंशीच्या दशकात पुठ्ठ्याचे खोके आले, व्यापारासाठी हिरवी झाडं पाडणं थांबत गेलं आणि १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उरलीसुरली वाटही अडवली. बरंच झालं. पण आता त्या जंगलात वाकून बघा. वर दीडशे-दोनशे वर्षांची म्हातारी मंडळी आणि अंगणात पोर नाही, अशी अवस्था कितीतरी ठिकाणी दिसते.

कारण साधं आहे. थंडीमुळे सुईसारखी पानं लवकर कुजत नाहीत, त्यांचा जाड थर साचतो. बी शरदात पडतं, बर्फ वितळलं की उगवतं, आणि मूळ मातीपर्यंत पोचायच्या आत पावसाळ्याआधीच्या उन्हात तो थर कोरडाठाक होतो. रोप संपलं. त्यातून वाचलंच तर मेंढरं आहेत. म्हातारं झाड कोसळून उजेड आला, तर रोपांच्या आधी तणच माजतं. त्यात आपल्या कारवीच्या गोतातली झुडपंही असतात.

म्हणून माझं मत: निवडून थोडी झाडं काढा, थर खरवडून माती उघडी करा, तण काढा, चराई काही वर्षं बंद ठेवा आणि लाकडाच्या पैशातून हा खर्च भागवा.

जुजुराणा

साफ असहमत. "तोडीनंतर पुनरुत्पादन" हे वाक्य बंदीआधीच्या कार्य आयोजनांतही (वनखात्याच्या जंगलवार आराखड्यांतही) असायचंच. झाडं गेली, रोपं आली नाहीत, मोकळ्या जागा तणाने भरल्या. ज्या उपायाने दुखणं वाढलं तोच परत द्यायचा?

दुसरं, माझा आयडी ज्याच्यावरून घेतलाय तो हिमाचलचा राज्यपक्षी. तुम्ही ज्याला तण म्हणता, त्या रिंगाळाच्या (डोंगरी बांबूच्या) आणि झुडपांच्या दाटीतच तो राहतो. एप्रिल-मे-जून हा त्याचा विणीचा काळ, आणि मजूर साफसफाईला चढणार तेही बर्फ गेल्यावरच, म्हणजे नेमके तेव्हा. पडलेली, वाळलेली झाडंही जंगलाचीच आहेत. सुतारपक्षी आणि उडत्या खारी त्यातल्या ढोलींत राहतात. लाकूड दिसलं की रक्कम दिसते, हाच मूळ रोग आहे.

नशातेलकर

मी स्वित्झर्लंडमध्ये नशातेल भागात राहतो. इथे कुव्हे नावाचं गाव आहे, तिथलं जंगल फर, स्प्रूस आणि बीच यांचं मिश्र. आँरी बिओले नावाच्या वनाधिकाऱ्याने तिथे १८९० पासून एक पद्धत बसवली. साडेसतरा सेंटिमीटरपेक्षा जाड प्रत्येक झाड छातीच्या उंचीवर मोजायचं, काही वर्षांनी पुन्हा सगळी मोजायची. मधल्या काळात काय काढलं ते वहीत असतंच. दोन मोजण्यांतला फरक अधिक काढलेलं लाकूड म्हणजे वाढ. तोड त्या हिशेबात बसवायची. शेजारी शेजारी रोप, तरणं झाड आणि जाडजूड खोड उभं दिसतं. सरसकट तोडीला या देशात कायद्याने मनाई आहे.

लाकूडही निघतं आणि जंगलही उभं राहतं. फक्त मोजायचा कंटाळा चालत नाही.

जुजुराणा

नशातेलकर, इथे मोजणार कोण? एका वनरक्षकाच्या वाट्याला किती डोंगर येतो ते बघा, मग वही काढा. आणि तुमच्याकडे फरची रोपं हरणं खातात, त्याचं काय?

नशातेलकर

खातात, आणि त्यावर इथेही कडाक्याची भांडणं होतात. १९७१ मध्ये लिंक्स (एक रानमांजर) देशात परत आणून सोडला, त्याचीही शिकाऱ्यांना कटकट वाटते. मी इथलं सगळं आलबेल आहे असं म्हटलेलं नाही.

कुलूची_सून

माझं सासर तिकडचं, म्हणून दोन शब्द. कुलूत गावकऱ्यांचे जंगलावरचे हक्क १८८६ च्या अँडरसनच्या बंदोबस्तात, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या हक्कनोंदीत, लिहिलेले आहेत. घर बांधायला नाममात्र दरात झाड, याला तिकडे सगळे "टीडी" म्हणतात. हे हक्क कधी सैल, कधी घट्ट होत आले. घराला तुळई तर लागतेच ना? हिरवं झाड मिळेना की माणूस वाळलेल्याची वाट बघतो, आणि काही झाडं मग जरा लवकरच वाळतात. तोडबंदीच्या कौतुकात हे कुणी लिहीत नाही.

रंधा_करवत

भिवंडीत पॅकिंगच्या पेट्या बनवतो. आमच्याकडे न्यूझीलंडचं पाइन कांडलामार्गे येतं, जर्मनीचं स्प्रूसही पाहिलंय. म्हणजे इथलं जंगल वाचवलं म्हणून आपण लाकूड वापरायचे थांबलो नाही, एवढंच.

दरीकाठ

@रंधा_करवत, मुद्दा चोख. @जुजुराणा, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचलात प्रायोगिक तोडीला परवानगी दिली ती खैर, साल आणि चील यांच्यासाठी (चील म्हणजे चीड, पाइनचं झाड; पक्षी नव्हे). रई-तोस त्यात नव्हतेच. खालच्या जंगलांत प्रयोग होऊ शकतो, तर वर एखाद्या छोट्या तुकड्यात का नको?

जुजुराणा

कारण खैर कापला तर बुंध्यातून फुटतो. तोस फुटत नाही. गेला तो गेला, आणि रोपाला नुसतं गुडघ्याएवढं व्हायलाच बरीच वर्षं लागतात.

प्रयोगच करायचा ना? मग जुन्या तोडीने आधीच ओसाड पडलेल्या जागा घ्या. कुंपण घाला, थर खरवडा, विणीचा काळ सोडून तण काढा. एकही झाड पाडू नका. दहा वर्षांनी तिथे रोपं उभी असतील तर करवतीचं बोलू.

दरीकाठ

जागेबद्दल मान्य. पण दहा वर्षं कुंपणाची डागडुजी कुणाच्या पैशातून?

जुजुराणा

विकासकामांसाठी जंगल वळवलं की कँपा निधीत पैसे भरावे लागतात. तो निधी नवी रोपं लावून फोटो काढण्यापुरताच आहे, असं कुठे लिहिलंय?

कुलूची_सून

आणि कुंपण घालण्याआधी मेंढपाळांना विचारा. चराईचे हक्कही त्याच १८८६ च्या कागदांत आहेत.