मदत हवी आहे: अभ्यासिकेचं वाय-फाय संध्याकाळी अडकतं, सगळ्यांना सारखा वेग कसा द्यायचा?

अभ्यासिका_पेठ: नमस्कार मंडळी, तातडीने मदत हवी आहे. सदाशिव पेठेत आमची अभ्यासिका आहे, एमपीएससीची चाळीसेक मुलं-मुली बसतात. १०० एमबीपीएसचं फायबर आहे. दुपारपर्यंत ठीक, संध्याकाळी सातनंतर साधं पानही उघडत नाही. काल एका मुलीची ऑनलाइन सराव परीक्षा मध्येच तुटली, रडकुंडीला आली होती बिचारी. कंपनीवाले म्हणतात लाइन ठीक आहे. मला युट्यूब बंद करून अभ्यासाला प्राधान्य द्यायचं आहे. राउटरमध्ये प्रायॉरिटीचा रकाना दिसतो, त्यात काय टाकू ते सांगा.

तारयंत्र: राउटर कोणता? अपलोड किती? वाय-फायचे डबे किती आणि कसे जोडलेत? हे कळल्याशिवाय कोणी काही सांगितलं तर तो अंदाजच.

कोथरूडचा_मुलगा: एवढं कशाला? प्रत्येकाच्या मॅक पत्त्यावर (फोनची नेटवर्कवरची ओळख) २ एमबीपीएसची मर्यादा टाका. आमच्या हॉस्टेलवर हेच केलंय, कुणाची कुरकुर नाही.

तारयंत्र: हॉस्टेलवर चाललं असेल. पण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा मॅक पत्ता दाखवतच नाहीत, प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा बनवतात. यादी सांभाळता सांभाळता जीव जाईल. शिवाय सकाळी पाचच जण असतील तर १० एमबीपीएस वापरले जाणार, उरलेले ९० पडून. पैसे मात्र पूर्ण १०० चे.

कोथरूडचा_मुलगा: पडून राहिले तर राहू देत. मुलांना रोज सारखा वेग मिळाला की भांडणं होत नाहीत, हा अनुभव आहे.

मेघना_नाशिक: कृपया युट्यूब बंद करू नका. मी दोन वर्षं अशाच अभ्यासिकेत काढली. राज्यव्यवस्था, अर्थशास्त्र, चालू घडामोडी, सगळी लेक्चर्स तिथेच असतात. क्लासची फी परवडत नाही त्यांचा तोच क्लास. ४८०पी ला गूगलच्याच माहितीनुसार १.१ एमबीपीएस पुरतात. चाळीस जणांनी एकदम लावलं तरी तुमच्या लाइनच्या निम्म्याच्या आसपास जाईल. दुखणं दुसरीकडे आहे.

रानवारा: आणि एखादी साइट मुद्दाम बंद करणं नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सगळ्या साइट्सना समान वागणुकीच्या, विरोधात नाही का? ट्रायने (दूरसंचार नियामकाने) २०१६ साली नियम केला होता ना?

तारयंत्र: तो ८ फेब्रुवारी २०१६ चा नियम डेटाच्या दरांबद्दल, कंपन्यांसाठी. २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने मान्य केलेली तत्त्वंही परवानाधारक कंपन्यांसाठीच. अभ्यासिकेच्या मालकाला ते लागू नाही. मेघनाताईंचा मुद्दा मात्र खरा आहे.

जुना_जाणता: फायबरच्या डब्याला छोटा डीसी यूपीएस लावून घ्या. डब्याचा अ‍ॅडॉप्टर बहुतेक १२ व्होल्टचा असतो. लाइट गेली तरी नेट चालू राहतं, परीक्षा तुटत नाही.

अभ्यासिका_पेठ: काका, लाइट गेलीच नव्हती. राउटर मायक्रोटिक कंपनीचा हेक्स. अपलोड २० एमबीपीएस. डबे दोन, खाली एक, वर एक. आता प्रायॉरिटीत काय टाकू?

तारयंत्र: १ सर्वात वरचा, ८ सर्वात खालचा. पण ज्या मुख्य (पॅरेंट) रांगेखाली बाकीच्या रांगा असतात तिला कमाल मर्यादा घातली नसेल तर तो आकडा काहीच करत नाही. आधी एक करा. संध्याकाळी सातला लॅपटॉप थेट मायक्रोटिकला वायरने जोडा, ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग लावा, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते दिसेल, आणि सकाळी परत लावा. दोन्ही आकडे इथे टाका.

अभ्यासिका_पेठ: सकाळी ६-७ मिलिसेकंद. संध्याकाळी ५०० च्या वर, मध्येच ७००.

तारयंत्र: म्हणजे वाय-फायचा दोष नंतर, आधी रांग तुंबतेय. संध्याकाळी फोन वाय-फायवर आले की फोटोंचा बॅकअप सुरू होतो, अपलोड भरतं. हिशेब बघा: पुढच्या फायबरच्या डब्यात १ एमबी साठली की २० एमबीपीएसने ती बाहेर पडायला ०.४ सेकंद लागतात. परीक्षेतलं उत्तर त्या ढिगामागे उभं राहतं. रांग आपल्या राउटरमध्ये आणायची, म्हणजे ती कशी लावायची ते आपल्या हातात. सिंपल क्यूमध्ये (राउटरमधली वेगाची मर्यादा घालणारी रांग) टार्गेट म्हणून आख्खं लॅन (अभ्यासिकेचं आतलं नेटवर्क), मर्यादा डाउनलोड ९०, अपलोड १८. प्रकार पीसीक्यू (प्रत्येक पत्त्याला सारखा वाटा देणारी रांग), डाउनलोडला डेस्टिनेशन पत्ता, अपलोडला सोर्स पत्ता. पीसीक्यू-रेट शून्य, म्हणजे प्रत्येकाला ठरावीक मर्यादा नाही. चाळीस जण असतील तर चाळीस वाटे, पाच असतील तर पाच. आणि फायरवॉलमधला फास्टट्रॅकचा नियम बंद करा, नाहीतर पॅकेट सिंपल क्यूला वळसा घालून जातात.

कोथरूडचा_मुलगा: राउटरच्या सॉफ्टवेअरच्या आवृत्ती ७ वर जाऊन केक (नव्या प्रकारची रांग) लावा की सरळ. पीसीक्यू जुनं झालं.

तारयंत्र: केक चांगलंच आहे, पण मुलांच्या परीक्षा चालू असताना आवृत्ती बदलायला मी सांगणार नाही. पीसीक्यू ६ वरही चालतं.

अभ्यासिका_पेठ: केलं. पिंग आता भर संध्याकाळी ३० च्या आत आहे, मनापासून धन्यवाद. पण वरच्या मजल्यावरची मुलं अजून रडतायत. खालची खूश.

मेघना_नाशिक: वर जास्त जण बसतात का?

अभ्यासिका_पेठ: वर पंचवीस, खाली पंधरा.

तारयंत्र: मायक्रोटिकच्या डीएचसीपी लीजमध्ये (राउटरने वाटलेल्या पत्त्यांची यादी) किती नावं दिसतात?

अभ्यासिका_पेठ: सोळा-सतरा.

तारयंत्र: सापडलं. बसवणाऱ्याने वरचा डबा राउटर म्हणूनच ठेवलाय, तो स्वतःचं नॅट करतो, म्हणजे वरच्या सगळ्यांना एकाच पत्त्यामागे लपवतो. मायक्रोटिकला वरचे पंचवीस जण मिळून एकच पत्ता दिसतो, म्हणून पंचवीस जणांना मिळून एकच वाटा. त्या डब्यात अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचं डीएचसीपी बंद करा, पत्ता खालच्या लॅनमधला मोकळा द्या आणि वायर वॅनमधून (बाहेरच्या लाइनचं भोक) काढून लॅनच्या भोकात घाला.

जुना_जाणता: वाय-फायचे चॅनेलही बघा, खाली १ असेल तर वर ६ किंवा ११ ठेवा.

अभ्यासिका_पेठ: मोड होता, बदलला. लीजमध्ये आता चाळीसच्या वर नावं आहेत. चॅनेल खाली १, वर ११ केला. त्या मुलीला आज संध्याकाळी वरच बसवून सराव परीक्षा पुन्हा द्यायला सांगितलंय. युट्यूब चालूच ठेवतोय.