सर्किटमध्ये दुसरं विमान अगदी जवळून गेलं, माझं काय चुकलं?

काल सोलो सर्किट (एकट्याने रनवेभोवती चक्कर मारून उतरायचा सराव) करत होतो, सेसना १७२ हे छोटं विमान, पॅटर्नमध्ये (त्याच चकरेच्या मार्गावर) चार-पाच विमानं होती. कंट्रोल टॉवरने सांगितलं पुढच्या पायपर विमानाच्या मागे राहा, मला एक विमान दिसलं, म्हटलं हेच असणार, 'ट्रॅफिक इन साइट' (ते विमान दिसलं) बोललो आणि डावीकडे बेसला (उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्याला) वळलो. सरळ झालो तर दुसरंच विमान शेजारी, चाकाचं टायर स्पष्ट दिसत होतं. उतरल्यावर बराच वेळ हात थरथरत होते.

उत्तर १
आधी सुखरूप आहात हे महत्त्वाचं. तुम्ही चुकीचं विमान पकडलंत, हे नेहमी होतं. खात्री नसेल तर 'दिसत नाही' असंच सांगा, टॉवर रागावला तरी चालेल. आणि १७२ चे पंख वर असतात ना, वळताना आतला पंख खाली जातो आणि नेमकं जिथे बघायचं तेच झाकतो, म्हणून वळायच्या आधी तो पंख जरा उचलून बघा.

उत्तर २
१२ मे २०२१ ला अमेरिकेत डेन्व्हरजवळ सेंटेनियल विमानतळावर सिरस विमान फायनलला (रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळताना आपल्या रनवेची लाइन ओलांडून समांतर रनवेवर उतरणाऱ्या मेट्रोलायनर विमानावर आदळलं. सिरस पॅराशूटने उतरलं, मेट्रोलायनर फाटलेल्या अवस्थेत लँड झालं, कुणाला इजा नाही! अजून एक, काचेवर एकाच जागी राहून मोठं होत जाणारं विमान सर्वात धोक्याचं, कारण ते हलत नाही म्हणून डोळ्यांना कळतच नाही.

प्रश्नकर्ता
पंख उचलून बघायचं कुणी शिकवलंच नव्हतं, उद्याच इन्स्ट्रक्टरबरोबर करतो.