तीन ठिकाणचे कॉन्टॅक्ट जीमेलमध्ये घातले, ‘मर्ज ऑल’ दाबलं आणि आता सगळा काला झालाय

बेदाणा_अडत

मंडळी जरा मदत करा, लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. सांगलीत मार्केट यार्डात काकांचं अडत दुकान आहे, बेदाणा आणि हळद. कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडं. शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे, कोल्ड स्टोरेजवाल्यांचे नंबर नि मेल आत्तापर्यंत तीन ठिकाणी होते, एक दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये, दुसरे काकांच्या फोनातल्या जीमेलला आणि तिसरे आमच्या दिवाणजींच्या बटणाच्या फोनात. काका म्हणले एकाच जागी कर बाबा, पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, मेल करायची म्हणलं की दरवेळी तीन ठिकाणी शोधत बसायला लागतंय.

मग मी आउटलुकमधनं सीएसव्ही, म्हणजे रकान्यांची साधी फाइल, काढली, एक्सेलमध्ये उघडून जरा साफसूफ केली, सेव्ह केली, गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये इम्पोर्ट मारली. दिवाणजींच्या फोनातनं व्हीसीएफ, म्हणजे फोनातल्या कॉन्टॅक्टची फाइल, काढली ती पण घातली. ६४० चे झाले १९०० च्या वर. तिथं ‘मर्ज अँड फिक्स’ म्हणून येतं बघा, त्यात डबल वाटणारे एकत्र करायला चारशेच्या आसपास सुचवलेले होते, एकेक बघत होतो तेवढ्यात चहा आला, म्हणलं गूगल काय आपल्यापेक्षा येडं आहे का, दाबलं ‘मर्ज ऑल’.

आता झालंय असं. तासगाव साइडचे दोन भाऊ आहेत आमच्याकडं माल घालणारे, आधी एकत्र होते तेव्हाचा घरचा लँडलाइन दोघांच्याही नावापुढं होता, आडनाव एक, नंबर एक, झाले दोघं मिळून एक. मी थोरल्याची पट्टी मेल केली ती धाकट्याला गेली. आणि हे दोघं बांधावरनं कोर्टात आहेत. दुसऱ्या दिवशी थोरले दुकानात येऊन काकांसमोर जे बोलले ते इथं लिहीत नाही.

त्यातनं काही नंबर ९.१९८२२ई+११ असे दिसायलेत, आणि मराठीत टाकलेली नावं नुसती प्रश्नचिन्हं झालीत. हे मागं फिरवता येतं का? आणि परत करायचं तर कसं करायचं?

कृष्णाकाठ

आधी हात लावायचा थांबवा. एकेक उघडून दुरुस्त करत बसलात तर अजून गुंता होईल. गूगलला एकेकाचं मर्ज सोडवायचं बटण नाही, पण अख्खी यादीच मागच्या तारखेला नेता येते. कॉम्प्युटरवर कॉन्टॅक्ट्स उघडा, वर सेटिंगचं चक्र, त्यात ‘अनडू चेंजेस’. ३० दिवसांपर्यंत मागं जाता येतं, तासाचं, कालचं, आठवड्याचं असं विचारतं, नाहीतर स्वतः वेळ टाका. किती दिवस झाले?

एक मात्र लक्षात घ्या, अनडू म्हणजे फक्त मर्ज मागं जात नाही, त्या वेळेनंतर जे जे केलं ते सगळं जातं. मधल्या काळात काकांनी फोनात कुणाचा नंबर सेव्ह केला असेल तर तोही.

बेदाणा_अडत

९ दिवस झाले. आणि हो, सीझन आहे, काकांनी १४-१५ नवीन तरी घातलेत. ते गेले तर मी पण गेलो.

कृष्णाकाठ

मग ते १५ निवडा, लेबल लावा ‘नवीन’ म्हणून, त्या लेबलचा एक्सपोर्ट काढून डेस्कटॉपवर ठेवा. नंतर आत्ता आहे तसा पूर्ण काला पण एक्सपोर्ट करून ठेवा, असू दे. मग अनडू, वेळ इम्पोर्टच्याही आधीची टाका, मर्जच्या आधीची नको. कारण ते ई+११ वाले तसेही बादच आहेत. शेवटी ते १५ परत घाला.

मिरजेचा_तंबोरा

नंबरचं सांगतो कारण हे मी स्वतः करून हात पोळून घेतलेत. दहा आकडी नंबर एक्सेलमध्ये नीट राहतो, पण पुढं ९१ लावलेला बारा आकडी झाला की एक्सेल त्याला मोठी संख्या समजतं नि ते ई+११ करतं. नुसतं दिसायला असतं तर काही नव्हतं, सेलचा फॉरमॅट ‘नंबर’ केला की झालं. पण सीएसव्हीत सेव्ह करताना जे दिसतंय तेच लिहिलं जातं, म्हणजे पहिले पाच-सहा आकडे खरे आणि पुढं शून्यं. ते परत येत नाहीत. त्यामुळं ती साफसूफ केलेली फाइल टाकून द्या आणि आउटलुकमधनं नवी काढा. नवी फाइल डबल क्लिक करून उघडायची नाही! कोरं एक्सेल उघडा, डेटा मेनूत ‘फ्रॉम टेक्स्ट’ म्हणून आहे त्यातनं आत घ्या, तिथं ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ (मराठी अक्षरं नीट राहतात ती पद्धत) निवडा आणि नंबरचा कॉलम टेक्स्ट करा. तुमची प्रश्नचिन्हं पण बहुतेक सेव्ह करतानाचीच आहेत, साध्या सीएसव्हीत मराठी बसत नाही, सेव्ह ॲजमध्ये वेगळं ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ लिहिलेलं असतं ते घ्यायचं.

आता खरं काम. तुमच्या यादीत एकच नंबर चार तऱ्हेनं असणार, नुसता दहा आकडी, पुढं शून्य लावलेला, ९१ लावलेला आणि अधिक चिन्हासकट. दुकानात लँडलाइन असेल तर शून्यवाले जास्त सापडतील, जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरनं मोबाइल लावायला पुढं शून्य लागतंच. गूगलची वाट कशाला बघता, आपणच सगळे एका साच्यात आणायचे. स्पेस नि डॅश काढा, मग राइटचा फॉर्म्युला लावून उजवीकडचे १० आकडे घ्या, पुढं +९१ चिकटवा. लँडलाइनला पण हेच चालतं ही गंमत आहे, सांगली-मिरजेचा ०२३३ आणि पुढं सात आकडे, शून्य काढलं की दहा. साताऱ्याचा ०२१६२, कराडचा ०२१६४, पुढं सहा आकडे, शून्य काढलं की परत दहाच.

अडचण येते ती कोड न लावता नुसत्या लिहिलेल्या नंबरांची. सात आकडी असेल तर सांगली धरून २३३ लावा, सहा आकडी असेल तर कुठला तालुका ते बघायला लागेल, तिथं फॉर्म्युला काही करू शकत नाही. ते वेगळे काढून ठेवा.

हे झालं की काउंटइफचा फॉर्म्युला (किती वेळा आलंय ते मोजणारा) लावून एकच नंबर दोनदा कुठं आलाय ते रंगवा. नाव बघून जुळवू नका, नंबर बघून जुळवा. आणि हो, एवढं करून सेव्ह केलेली फाइल ‘बघूया झालं का’ म्हणून परत एक्सेलमध्ये डबल क्लिक केली नि सेव्ह दाबलं की पहिले पाढे पंचावन्न. बघायचीच असेल तर नोटपॅडमध्ये उघडा.

अजिंक्यतारा_पायथा

साताऱ्याहून रामराम. पतसंस्थेत सभासदांचे मेल मी असेच एकत्र केले होते, त्यामुळं दोन-तीन गोष्टी.

दिवाणजींची व्हीसीएफ एक्सेलमध्ये साफ करायच्या भानगडीत पडू नका. नोटपॅडमध्ये उघडली की मराठी नावाच्या जागी बरोबरचं चिन्ह, मग ई-शून्य, परत बरोबर, मग ए-चार असली रांग दिसेल, म्हणजे फाइल खराब आहे असं नाही. जुन्या फोनांची व्हीसीएफ जुन्या पद्धतीची, व्हीकार्ड २.१ असते, त्यात एकेक मराठी अक्षर तीन-तीन तुकड्यांत असं लिहिलेलं असतं. तशीच गूगलला द्या, ते वाचतं. नावं अर्धवट तुटलेली दिसली तर ती सिममधनं आलेली असणार, सिममध्ये नावाला जागाच थोडी, मराठीला अजून थोडी. आमच्याकडं ‘ज्ञानेश्वर’ नावाचे अकरा जण नुसते ‘ज्ञानेश्व’ होते.

कॉलमची नावं जुळेनात तर डोकं लावू नका. गूगलमध्ये एक खोटा माणूस तयार करा, दोन फोन दोन मेल भरून, आणि ‘गूगल सीएसव्ही’ म्हणून एक्सपोर्ट करा. जी शीर्षकं येतील तीच आपल्या फाइलला लावायची, स्पेलिंगसकट. एकाच रकान्यात दोन नंबर कोंबलेले असले की मध्ये तीन कोलन येतात, ते बघून घाबरू नका, तशीच पद्धत आहे.

तिन्ही याद्या एकदम घालू नका. एक घातली की तिला आपोआप इम्पोर्टच्या तारखेचं लेबल लागतं, ते बदलून ‘दिवाणजी’, ‘आउटलुक’ असं करा. पसंत नाही पडलं तर लेबल उडवताना आतल्या कॉन्टॅक्टसकट उडवायचं का असं विचारतं, हो म्हणा, झालं. पण हे मर्ज करायच्या आधीच हां! मर्ज झालेल्या माणसाला पण तेच लेबल असणार, मग त्याच्याबरोबर काकांचा मूळचा नंबरही जायचा.

आणि तो ‘मर्ज ऑल’ आपल्याकडं चालणारच नाही हो. एका घरात मेल एकच असतो, तो पण पुण्यात शिकणाऱ्या नातवाचा, आजोबा, चुलते, शेजारी सगळ्यांच्या पुढं तोच. गूगलला वाटतं एकच माणूस. मी काय केलं, नावाच्या पुढं गाव आणि कंपनीच्या रकान्यात खातं नंबर टाकला. मग सुचवणीत दोन खातं नंबर दिसले की लगेच कळतं, ‘डिसमिस’ दाबायचं नि पुढं.

यड्रावकर_नाही_मी

एवढं सगळं करून फोनात परत डबल दिसतील तेव्हा इथं रडत येऊ नका, आधीच सांगतो. फोन हा सिमचे, फोनच्या मेमरीतले आणि गूगलचे सगळे एकत्र दाखवतो. सेटिंगमध्ये जाऊन फक्त गूगलचं अकाउंट दाखव म्हणायचं. फोनात ‘लिंक’ म्हणून पण असतं, ते नुसतं एकाखाली एक दाखवतं, खरं मर्ज नाही.

आणि सगळ्यांना एकदम भाव कळवणार असाल तर मेलच्या बीसीसी रकान्यात टाका राव, म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही, नाहीतर सगळ्या शेतकऱ्यांचे मेल शेजारच्या अडत्याला आयतेच मिळतील. फुकटच्या जीमेलला दिवसाला ५०० जणांची मर्यादा पण आहे.

बेदाणा_अडत

झालं मंडळी, म्हणजे बरंचसं झालं. रविवारी दुकान बंद होतं तेव्हा सकाळपासनं बसलो. १५ नवीन बाजूला काढले, अनडू मारलं, परत ६४० झाले तेव्हा जीव भांड्यात पडला. नंबरचं मिरजवाल्या दादांनी सांगितलं तसं केलं, सहा आकडी ७० च्या आसपास निघाले. खातं नंबर कंपनीच्या रकान्यात टाकायची आयडिया लई भारी, आमच्याकडं खतावणीचा पान नंबर असतो तो टाकला.

दिवाणजींना शेजारी बसवलं होतं. मी नाव वाचायचं आणि त्यांनी डोळे मिटूनच सांगायचं, हा सावळजचा, हा त्याचा मेहुणा, हे वारले, ह्याचं नाव काढू नको त्याच्याकडं बाकी आहे. चारशे सुचवण्यांतल्या खऱ्या एकशे ऐंशीच निघाल्या. ते दोघं भाऊ आता वेगळे आहेत, नावापुढं ‘थोरले’ आणि ‘धाकटे’, लँडलाइन दोघांचाही काढून टाकला.

एकच राहिलाय, ‘बाळू हळद २’. बाळू हळद १ कुणी नाहीच यादीत. दिवाणजींनाही आठवेना. उद्या फोन लावून बघतो.