टेलिटाइपवर झॉर्क : हौस की मिरवणं?

कंदील
काल इथे एकाने लिहिलं, "फोनवर फ्रॉट्झ नावाचं ॲप टाकलं की झॉर्क खेळता येतं, मग जुनी धुडं कशाला? नुसतं मिरवणं." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर. झॉर्क म्हणजे चित्रं नसलेला, हुकूम टाइप करून खेळायचा जुना साहसखेळ. १९७९ मध्ये झेड-मशीन हा त्याचा कल्पित कॉम्प्युटर आखला तोच यासाठी: गोष्टीची फाइल एकच, कॉम्प्युटर बदलला की ती चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे इंटरप्रिटर, तेवढा नवा. कुठल्याही यंत्रावर चालणं हा या खेळाचा धर्मच आहे. माझं एएसआर-३३, म्हणजे कागदावर छापणारं जुनं टेलिटाइप, सेकंदाला दहा अक्षरं ठोकतं. खेळाची सुरुवात, म्हणजे पांढरं घर, फळ्या मारलेलं दार, टपालपेटी, एवढं उमटायला बारा-तेरा सेकंद. तेवढ्यात माणूस विचार करतो.

खडूस
ते वाक्य माझंच. तेवढ्यात मी चहा टाकतो. आणि टेलिटाइपच्या मागे काय दडलंय? रास्पबेरी पाय, तळहाताएवढा आजचा कॉम्प्युटर! बैलगाडीला स्कूटरचं इंजिन.

कंदील
मग काय, झॉर्क मुळात ज्यावर लिहिलं तो कपाटांएवढा पीडीपी-१० हॉलमध्ये ठेवू? थ्री-फेज कनेक्शन तुम्ही द्या.

नववी_ब
आमच्या शाळेत क्लास या सरकारी संगणक-शिक्षण योजनेतले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर होते. आठवड्याला एक तास, चपला बाहेर. असाच एक खेळ होता. 'लॅन्टर्न' म्हणजे काय, हे कळेपर्यंत तास संपला. यंत्राचं काय घेऊन बसलात? मराठीत करा की!

सामान्यरूप
करा म्हणे! झॉर्कचा कोश शब्दाची पहिली सहाच अक्षरं बघतो आणि क्रियापद आधी मागतो. आपल्याकडे 'तलवारीने चोराला मार' आणि 'चोराला तलवारीने मार', दोन्ही बरोबर.

खडूस
'ने', 'ला' छाटून टाका. झालं.

सामान्यरूप
छाटा. 'सोने उचल' म्हटलं की 'सो' उरतं, 'किल्ला'चा 'किल्'. 'दिव्याने'मधून 'दिव्या' निघते. ती माझी मेहुणी.

नववी_ब
सबबी! मराठीचं नाव काढलं की सगळ्यांना व्याकरण आठवतं. पन्नास-साठ वस्तू, प्रत्येकीची रूपं हाताने लिहायची. एका रविवारचं काम.

सामान्यरूप
हाताने लिहिली तर जमेल, हे मान्य. रविवार तुमचा.

खडूस
आणि ते कंदीलरावांच्या टेलिटाइपवर उमटणार कसं? त्याला इंग्रजीची लहान अक्षरंसुद्धा येत नाहीत.

कंदील
बरं बाबा. मराठी झॉर्क आलंच तर फोनवर खेळेन. झालं समाधान?