‘देत राहा, यश मागून येईल’ म्हणे!

चौथी_सीट
परवा एका गटावर कुणीतरी टाकलं होतं : ऑफिसात हात मोकळा ठेवा, सगळ्यांना देत राहा, यश तुमच्या मागून धावत येईल. खाली ही रांग जोडलेल्या हातांची. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते इतकं लांबलं की म्हटलं वेगळा धागाच काढावा.

माझ्या मागून काहीही धावत आलेलं नाही. मी नागरी सहकारी बँकेत, कर्ज विभागात. कॅश क्रेडिटवाल्यांची, म्हणजे मालावर खेळतं कर्ज घेणाऱ्या व्यापाऱ्यांची, स्टॉक स्टेटमेंटं आली की माल धरा, धनको (त्यांची देणी) वजा करा, येणी बघा, मार्जिन (बँकेने राखायचा हिस्सा) काढा आणि ड्रॉइंग पॉवर (डीपी), म्हणजे किती उचल देता येईल ते, ठरवा. आमच्याकडे हे कॅल्क्युलेटरवर चालायचं. दोन रविवार घालवून मी एक्सेल शीट केली. आकडे टाकले की डीपी हजर, ९० दिवसांपुढची उधारी आपोआप लाल. दुसऱ्या शाखेतल्या एकाने मागितली, दिली. फोनवर तासभर समजावली. सहा महिन्यांनी मुख्य कार्यालयाच्या बैठकीत तीच शीट पडद्यावर, वर त्याचं नाव. रंगसुद्धा बदलले नव्हते! पुढच्या यादीत तो अधिकारी झाला. मी होते तिथेच. आणि शीट अडली की फोन आजही मलाच.

निवांत_नाना
ताई, राग रास्त आहे, पण एका चोरावरून जग ठरवू नका. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं काढली. मोजमाप पुस्तक कसं लिहायचं हे मला एका ज्येष्ठाने जेवणाच्या सुट्टीत शिकवलं, स्वतःचा डबा थंड करून. मीही पुढे पोरांना शिकवत गेलो. आज कोषागारात गेलो की त्यातला एखादा खुर्ची सोडून उठतो. हे कुठल्या यादीत बसवाल?

बिनसाखरेचा
नाना, तुमच्याकडे बढती सेवाज्येष्ठतेने. शिकवलं काय, न शिकवलं काय, यादीतला नंबर तोच. धोका नसलेल्या उदारपणाचं कौतुक कशाला?

निवांत_नाना
गोपनीय अहवाल, साहेब दरवर्षी आपल्या कामाबद्दल लिहितात तो, हा शब्द ऐकलेला दिसत नाही आपण. असो.

बग_नाही_फीचर_आहे
बिनसाखरेचा यांच्याशी सहमत (हे टाइप करताना बोटं दुखली). सगळं तुमची मोजपट्टी कशी आहे त्यावर आहे. जीई या अमेरिकन कंपनीत तिचे प्रमुख जॅक वेल्च यांनी वरचे २०, मधले ७०, खालचे १० टक्के अशी विभागणी करून खालच्यांना घरी पाठवायची पद्धत रूढ केली, मग जो तो तेच करायला लागला. असल्या वर्गवारीत शेजाऱ्याला मदत करणं म्हणजे त्याला शिडी देऊन आपण खाली उभं राहणं. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या नोव्हेंबरात ही भानगड बंद केली. आमच्या कंपनीत नाव बदलून चालू आहे. नव्या पोराला तीन महिने घडवला, वर्षअखेरीस त्याला माझ्या वरचं रेटिंग. मॅनेजर म्हणाला, ‘तू सगळ्यांना मदत करतोस हे छानच आहे रे, पण तुझं स्वतःचं काम कुठाय?’

फळा_खडू
तुमच्याकडून निदान मागून तरी घेतात. आमच्या शाळेत ‘मॅडम, तुम्हाला संगणक येतो ना’ एवढं म्हटलं की काम माझं. पगाराचं शालार्थ, शाळेची आणि मुलांची माहिती भरायची यू-डायस, सरल ही सरकारी पोर्टलं, शिष्यवृत्तीचे अर्ज. सर्व्हर दिवसा चालत नाही म्हणून रात्री साडेअकराला घरून. आणि बाई म्हटल्यावर निरोप समारंभाची रांगोळी, कार्यक्रमाचं आभारप्रदर्शन, पाहुण्यांचा चहा हेही ‘तुम्हीच छान करता’.

यंदा ठरवलं, करून द्यायचं नाही, शेजारी बसवून शिकवायचं. पहिले गिऱ्हाईक एक सर, निवृत्तीला चार वर्षं राहिलेले. माऊस टेबलाच्या कडेपर्यंत न्यायचे आणि विचारायचे, ‘आता जागा संपली, पुढे?’ अकरा दिवस लागले. आता आपल्या वर्गाची माहिती स्वतः भरतात. मुख्याध्यापकांचं म्हणणं, ‘मॅडम, तुम्ही पूर्वीसारख्या राहिला नाहीत.’

खोडरबर
मूळ प्रश्नाचं उत्तर एका ओळीत. शीटला पासवर्ड टाकायचा. विषय संपला.

बिनसाखरेचा
धन्य! आमच्या ऑफिसात असाच एक पासवर्डवाला निवृत्त झाला. ३१ मार्च, रात्रीचे साडेनऊ, ऑडिटर समोर, फाईल उघडेना. साहेब फोनवर म्हणतात, आत्ता कीर्तनात आहे, आरती झाली की बघतो. चार जण त्या आरतीची वाट बघत बसलो होतो. तुमच्यासारख्यांमुळे बाकीच्यांचं वाटोळं होतं.

खोडरबर
‘तुमच्यासारख्यांमुळे’ म्हणजे? ओळख नाही पाळख नाही. तीस वर्षांत त्या माणसाला कुणी विचारलं होतं का, की हे कसं चालतं? पगार कामाचा मिळतो, डोकं विकत घेतलेलं नसतं.

बग_नाही_फीचर_आहे
अवांतर, पण राहवत नाही. एक्सेलच्या शीटला लावलेलं ते कुलूप म्हणजे दाराला बांधलेला दोरा. फाईलच्या नावापुढचं एक्सएलएसएक्स काढून झिप करा, आत त्या शीटची एक्सएमएल उघडा, कुलपाची ओळ खोडा. झालं. फाईल उघडायलाच पासवर्ड असेल तर मात्र २००७ पासूनचं एन्क्रिप्शन पक्कं आहे, तिथे आरतीलाच थांबावं लागतं.

खोडरबर
शिकवा, शिकवा. चोरांची शाळाच काढा.

पासिंग_अधिकारी_निवृत्त
पासवर्डचं निघालंच आहे तर. माझं औदार्य ऐका. आई आयसीयूत, काउंटरला गर्दी, व्हाउचरं पासिंगला, म्हणजे माझ्या मंजुरीला, अडकलेली. शेजारच्याला माझा आयडी आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला, म्हटलं ग्राहकांचा खोळंबा नको. चार महिन्यांनी ऑडिटला त्या दुपारच्या तीन नोंदी सापडल्या. खातं त्याच्या मेव्हण्याचं, पासिंग माझं. आरोपपत्र आलं, एक वेतनवाढ गेली. चौकशीत तो शपथेवर सांगतो, साहेबांनी आपणहून दिला. खरंच होतं ते.

चौथी_सीट ताई, तुमचं फक्त नाव गेलंय.

चौथी_सीट
‘फक्त’? तुमच्याबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही नियम मोडला होता, मी मोडला नव्हता. दोन्ही एका पारड्यात घालू नका.

पासिंग_अधिकारी_निवृत्त
मान्य. ‘फक्त’ मागे घेतो.

फळा_खडू
ताई, एक विचारू? रागावू नका. शीट केल्यावर तुम्ही तुमच्या साहेबांना स्वतः दाखवली होतीत?

चौथी_सीट
नाही. वाटलं, काम बघून कळेलच. आणि स्वतःहून पुढे पुढे करणं आमच्या घरात बसत नाही.

बिनसाखरेचा
हां! म्हणजे शीट चोराला दिलीत फोनवर तासभर, आणि साहेबांना पाच मिनिटंही नाही.

चौथी_सीट
तुमची बोलायची पद्धत अत्यंत उद्धट आहे. मुद्दा बरोबर आहे.

निवांत_नाना
मी तरी वेगळं काय म्हणत होतो? द्यावं, पण चारचौघांत.

बिनसाखरेचा
नाना, तुम्ही ‘चारचौघांत’ हा शब्द पहिल्यांदा आत्ता वापरलात. वर जाऊन बघा.

निवांत_नाना
बरं बाबा, आत्ता वापरला. जाता जाता ताई, गावच्या पतसंस्थेत मी मानद सल्लागार आहे. तिथे दोन व्यापाऱ्यांचे हिशोब अजून वहीतच. ती शीट मिळेल का?

खोडरबर
झालं! सुरू!

चौथी_सीट
व्यनित (खाजगी निरोपात) पत्ता द्या, नाना, पाठवते. पण तुमच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही प्रत ठेवून. पहिल्या ओळीत माझं नाव आहे, ते राहू द्यायचं. ओळ लॉक केली आहे. हो, एक्सएमएल उघडून काढता येते, वाचलं मी.