शब्दचर्चा: जपानीत ‘पावणेआठ’ आणि ‘पाचपर्यंत’

नवशिकी:
जुलैच्या एन-फाइव्हची, म्हणजे जपानीच्या सगळ्यात सोप्या पातळीच्या परीक्षेची, तयारी करतेय. आकडे पाठ आहेत, पण घड्याळाकडे बघून वेळ सांगायची म्हटली की जीभ अडखळते. साडेसात म्हणजे ‘शिचिजी हान’ एवढं कळलं. मग पावणेआठ काय? सव्वाआठ? दीड-अडीचला वेगळे शब्द आहेत का? आणि चारला ‘योन’ शिकवलं होतं, तर चार वाजता ‘योनजी’ का नाही चालत?

मास्तरीणबाई:
पावणे नाही, सव्वा नाही, दीड-अडीचही नाही. अर्ध्यासाठी ‘हान’ तेवढा आहे, आणि तो शेवटी लागतो. दीड वाजता ‘इचिजी हान’, अडीच वाजता ‘निजी हान’. बाकी सगळं मिनिटं मोजून. सव्वाआठ म्हणजे ‘हाचिजी ज्यूगोफुन’, पावणेआठ म्हणजे ‘शिचिजी योनज्यूगोफुन’.

इथे मराठी माणसाची चूक ठरलेली आहे. डोक्यात ‘पावणेआठ’ आलं की त्यातला ‘आठ’ आधी तोंडात येतो, ‘हाचिजी योनज्यूगोफुन’ निघून जातं आणि आख्खा तास पुढे सरकतो. माझ्या प्रत्येक तुकडीत हे होतं, हुशार मुलांकडूनही. मी त्यांना सांगते, लोकलने जाणाऱ्यासारखं बोला. तो कधी ‘आठला सात कमीची गाडी’ म्हणतो का? ‘सात त्रेपन्नची फास्ट’ म्हणतो. जपानी वेळ तशीच सांगायची.

‘कमी’ म्हणायची सोय मात्र त्यांच्याकडे आहे आणि ती आपल्याच क्रमाने चालते. ‘आठला दहा कमी’: हाचिजी जुप्पुन माए. आठ, मग दहा मिनिटं, मग ‘आधी’. सुरुवातीला तास नसेल, नुसतं ‘जुप्पुन माए’ असेल, तर ते बहुधा ‘दहा मिनिटांपूर्वी’ असतं.

आता चार. ‘योजी’ म्हणायचं, ‘योनजी’ही नाही, ‘शिजी’ही नाही. नऊ ‘कुजी’, ‘क्यूजी’ नाही. सात ‘शिचिजी’. हे तीन तास वेगळे पाठ करा, बाकीचे आपोआप येतात. ‘शि’ म्हणजे मरण म्हणून चारला टाळतात हे खरं, पण त्यावरून नियम बांधू नका. नऊच्या ‘कु’चा उच्चार दुःखाच्या ‘कु’सारखाच आहे, तरी नऊ वाजता ‘कु’च लागतो.

नवशिकी:
बाई, ‘फुन’ आणि ‘पुन’चं काय? पुस्तकात तक्ता आहे, पण लक्षात राहत नाही.

मास्तरीणबाई:
तक्ता बघत बसू नका, मोठ्याने म्हणा. इप्पुन, निफुन, साम्पुन, योम्पुन, गोफुन, रोप्पुन, नानाफुन, हाप्पुन, क्यूफुन, जुप्पुन. आठवडाभर पोळ्या लाटताना म्हटलंत तर जीभच सांगेल कुठे ‘प’ यायचा. त्यातला ‘फ’ आपल्या ‘फूल’मधला नाही. समईची ज्योत विझवायला ओठ न मिटता फुंकर घालतो, तेवढाच वारा.

दहाचं जुनं रूप ‘जिप्पुन’. बोलण्यात सगळे ‘जुप्पुन’च म्हणायचे, पण कांजींच्या, म्हणजे जपानी चित्राक्षरांच्या, सरकारी यादीत त्याला जागा मिळाली ती २०१० साली. परीक्षेत दोन्ही दिसलं तर घाबरू नका.

हिंजवडीकर:
जपानी क्लायंटबरोबर सहा वर्षं काढली, म्हणून थोडं सांगतो. आकडे चुकले तर समोरचा हसून दुरुस्त करतो. खरा घोळ आपल्या ‘पर्यंत’मध्ये आहे.

मराठीत मी म्हणतो, ‘पाचपर्यंत ऑफिसात आहे’ आणि ‘पाचपर्यंत फाइल पाठवतो’. शब्द एकच. जपानीत दोन. पहिल्याला ‘मादे’: गोजी मादे काइशा नि इमास. पाच वाजेपर्यंत सलग चालणारी गोष्ट. दुसऱ्याला ‘मादे नि’: गोजी मादे नि ओकुरिमास. पाचच्या आत एकदा होऊन जाणारी गोष्ट.

पहिल्याच महिन्यात मी मेलमध्ये ‘नि’ खाल्ला. ‘गोजी मादे ओकुरिमास.’ पलीकडच्या बाईंनी फार अदबीने विचारलं, एकूण किती फाइली येणार आहेत? त्यांना वाटलं मी पाच वाजेपर्यंत एकामागून एक पाठवतच राहणार. फाइल एकच होती, अडीच एमबीची.

तेव्हापासून एक करतो. मराठी वाक्यात ‘पर्यंत’ काढून ‘च्या आत’ घालून बघतो. ‘पाचच्या आत फाइल पाठवतो’, जमलं, म्हणजे ‘मादे नि’. ‘पाचच्या आत ऑफिसात आहे’, नाही जमत, म्हणजे नुसतं ‘मादे’. अजून तरी ही युक्ती फसलेली नाही.

दुसरं म्हणजे साडेतीन तास. पुण्यात साडेनऊ म्हणजे तिकडे दुपारचा एक. आपण कॉफी घेऊन लॉगिन करतो तेव्हा ते जेवून परत आलेले असतात. मीटिंगच्या वेळेपुढे ‘निहोन जिकान दे’, म्हणजे ‘जपानच्या वेळेनुसार’, एवढं लिहायचा आळस करू नका.

नवशिकी:
‘जिकान’वरून आठवलं. ‘जी’ आणि ‘जिकान’ कधी काय?

मास्तरीणबाई:
आपल्या ‘वाजता’ आणि ‘तास’ इतका सरळ फरक. चार वाजता ‘योजी नि’, चार तास ‘योजिकान’. साडेचार तास ‘योजिकान हान’.

त्याच्याच शेजारचं जोडपं ‘गोरो’ आणि ‘गुराइ’. मराठीत ‘सुमारास’ आणि ‘सुमारे’. आठच्या सुमारास: हाचिजी गोरो. सुमारे आठ तास: हाचिजिकान गुराइ. आपण बोलताना ‘सुमारे आठ वाजता’ही म्हणून जातो ना? ते लोकही ‘हाचिजी गुराइ’ म्हणतात. ‘आठ तासांच्या सुमारास’ मात्र आपल्याही कानाला खटकतं, तसं ‘हाचिजिकान गोरो’ त्यांना खटकतं. मराठी चांगली असेल तर निम्मं जपानी फुकट मिळतं असं मी म्हणते, ते याचसाठी.

ठाणेकर:
मला एकदा एका दुकानाच्या पाटीवर २५ वाजले दिसले होते. छपाईची चूक समजून फोटो काढला.

मास्तरीणबाई:
चूक नव्हे. रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या दुकानांत आणि रेडिओ-टीव्हीच्या वेळापत्रकांत मध्यरात्रीनंतरही आकडा पुढे चालू ठेवतात. शुक्रवारचे २५ म्हणजे शनिवारची पहाट, एक वाजता. माणूस झोपलेला नाही तोवर त्याचा शुक्रवार संपत नाही. आपणही शुक्रवारी जागून ‘काल रात्री दीडला आलो’ म्हणतो, तारीख शनिवारची असली तरी.

खवय्या:
थोडं अवांतर. ‘ओयात्सु’ म्हणजे दुपारचं मधल्या वेळचं खाणं, त्यात ‘आठ’ आहे असं ऐकलं. तीन वाजताच्या खाण्यात आठ कुठून आला?

मास्तरीणबाई:
अवांतर कसलं, हा माझा आवडीचा भाग! जुन्या जपानात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग असत. उजाडण्यापासून अंधारेपर्यंतच्या वेळेचे सहा, म्हणून उन्हाळ्यात दिवसाचा भाग लांब आणि रात्रीचा आखूड. आपले दिवसाचे चार नि रात्रीचे चार प्रहर आठवा.

हे भाग घंटेच्या ठोक्यांनी कळत, आणि ठोके उलटे मोजत. मध्यान्ही नऊ, मग आठ, सात, सहा, पाच, चार, आणि मध्यरात्री पुन्हा नऊ. का? सांगतात ते असं की नऊ हा शुभ आकडा, म्हणून नवाचा पाढा. नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, चोपन्न. इतके ठोके कोण मारणार आणि कोण मोजणार, म्हणून दशक सोडून द्यायचं. उरतात नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार. दुपारी दोनच्या सुमारास आठ ठोके पडत, आणि आठ म्हणजे ‘यात्सु’. त्या वेळचं खाणं ते ‘ओयात्सु’. १८७३च्या जानेवारीपासून नवी दिनदर्शिका आणि सारख्या लांबीचे चोवीस तास आले, घंटेचे आठ ठोके गेले, खाऊ राहिला.

‘गोझेन’ आणि ‘गोगो’सुद्धा तिथलेच. (यातला ‘झ’ ‘जावई’मधल्या ‘ज’च्या जवळ ठेवा.) ते बारा भाग बारा प्राण्यांच्या नावाने ओळखत आणि मध्यान्हीचा भाग घोड्याचा. तोच घोडा इथे ‘गो’ होऊन बसलाय. गोझेन म्हणजे घोड्याआधी, गोगो म्हणजे घोड्यानंतर. ते वेळेच्या पुढे लावायचे: ‘गोगो सानजी’, दुपारी तीन. ‘सानजी गोगो’ म्हणू नका.

खवय्या:
म्हणजे चकली-चहाच्या वेळेला आठ ठोके. पटलं.

हिंजवडीकर:
एक राहिलं. सात ‘शिचि’ आणि एक ‘इचि’, फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. गोंधळ नको म्हणून काही जण मुद्दाम ‘नानाजी’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं कोणा आजोबांबद्दल चाललंय.

मास्तरीणबाई:
ऐकून समजून घ्या, पण परीक्षेत ‘शिचिजी’च निवडा.

नवशिकी:
बाई, वाक्य करून बघते. उद्या मी साडेसहाला उठते आणि आठला दहा कमी असेपर्यंत, नाही, आठला दहा कमी असायच्या आत स्टेशनवर पोचते. ‘आशिता नि रोकुजी हान नि ओकिते, हाचिजी जुप्पुन माए मादे नि एकि नि त्सुकिमास.’

मास्तरीणबाई:
‘मादे नि’ अगदी जागेवर बसलं. फक्त ‘आशिता’मागचा ‘नि’ काढा. घड्याळाच्या वेळेला ‘नि’ लागतो, सोमवारी-मंगळवारीला लागतो. आज, उद्या, रोज यांना नाही. ‘सकाळी’ला मराठीत प्रत्यय आहे, पण ‘आसा’ सहसा मोकळाच राहतो. उद्याचं तर सोपं आहे, आपण तरी ‘उद्याला येते’ म्हणतो का?

नवशिकी:
आमच्या गावी ‘उद्याच्याला’ म्हणतात.

मास्तरीणबाई:
मग परीक्षेचे दोन तास गाव विसरा.