पहिलीच आरपीजी (म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट खेळायचा गेम) घ्यायची आहे, कुठल्या गेमने सुरुवात करू?

डिचोलीची_मुलगी
नमस्कार मंडळी. मी डिचोलीची, कामाला पणजीला, त्यामुळे मोकळा वेळ म्हणजे रात्री जेवणं आटपल्यावर तासभर आणि रविवार, एवढाच. आत्तापर्यंत मोबाईलवर लुडो आणि भावाबरोबर फुटबॉलचा गेम, ह्यापलीकडे काही खेळलेली नाही. गेल्या महिन्यात मडगावला मावसभावाकडे गेले होते, त्याने पीसीवर विचर ३ लावून दिला, म्हणाला ह्याच्यासारखा गेम नाही. बघून चाट पडले खरी, पण चार तासांत पार गोंधळले, नकाशाभर खुणा, पिशवीत शंभर वस्तू, माणसासाठी पोलादी तलवार नि राक्षसासाठी चांदीची, आणि शेवटी त्या विहिरीजवळच्या भुताने सात-आठ वेळा मारलं मला. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही, समोरचा माणूस काहीतरी विचारतो आणि आपण काय उत्तर देतो त्यावर पुढचं बदलतं. ते मला फार म्हणजे फार आवडलं. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. इंग्लिश वाचायला त्रास नाही, पटापट बटणं दाबायला आहे. काय घेऊ?

पेडणेकर_रंगभूमी
बाय, तुला उत्तरं देण्यात मजा आली ना, मग तुझा गेम बाल्डर्स गेट ३. २०२३ चा आहे. आमच्याकडे दशावतारात कसं कथानक ठरलेलं असतं पण संवाद नट रंगमंचावर उभा राहून स्वतः रचतो, तसंच आहे हे. पहारेकऱ्याला धमकाव, गोड बोलून फसव, नाहीतर मागच्या भिंतीवरून आत जा, आणि जमतं की नाही ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. फासा वाईट पडला तरी गोष्ट थांबत नाही, वेगळीकडे वळते. लढाई पाळीपाळीने आहे, कितीही वेळ विचार कर, कोणी घाई करत नाही. फक्त तुझ्या लॅपटॉपवर हा चालणार नाही, आणि जागाच १५० जीबी मागतो. मावसभावाच्या पीसीवर खेळ.

फोंडा_जुनेगेम
पेडणेकर म्हणतात ते खरं, पण रात्रीचा तासभर असलेल्या माणसाला पहिलाच गेम म्हणून मी तो देणार नाही, कारण सुरुवातीलाच वंश, क्लास (योद्धा, जादूगार असा पेशा), गुण निवडत बसावं लागतं आणि आपण चुकीचं तर नाही ना निवडलं ही धाकधूक नवीन माणसाला विचरसारखीच पळवून लावते, शिवाय संपायला शंभर तास सहज जातात. पहिला गेम असा घ्यावा जो आपल्या हातून पुरा होईल. ताई, तुम्ही क्रोनो ट्रिगर घ्या. १९९५ चा आहे, म्हणून नाक मुरडू नका. ड्रॅगन क्वेस्ट करणारे युजी होरी आणि फायनल फँटसी करणारे हिरोनोबू साकागुची, म्हणजे तेव्हाच्या दोन मोठ्या प्रतिस्पर्धी मालिकांचे कर्ते, ह्या एका गेमसाठी एकत्र बसले, आणि पात्रं काढली ड्रॅगन बॉलवाल्या अकिरा तोरियामाने. २०१८ पासून स्टीमवर (पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आहे, तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल.

नवीन माणसाला तो सोपा जातो कारण पात्रं ठरलेली, त्यांच्या विद्या लढता लढता आपोआप येतात, कुठले गुण, कुठल्या विद्या वाढवायच्या ही बिल्डची भानगड नाही. शत्रू बहुतेक वेळा समोर दिसतात, त्यामुळे दर चार पावलांवर अचानक लढाई सुरू होत नाही. सेटिंगमध्ये वेट मोड लावा, म्हणजे विद्या किंवा औषध निवडताना लढाईचं घड्याळ थांबतं. वीस-पंचवीस तासांत गोष्ट संपते, म्हणजे तुमच्या हिशोबाने महिनाभर. आणि तुम्हाला जे आवडलं त्याबद्दल एवढंच सांगतो, गोष्ट एका जत्रेत सुरू होते, त्या जत्रेत जसं वागावंसं वाटेल तसं वागा आणि नेटवर काही वाचू नका.

साखळी_रातकिडा
मी अंडरटेल म्हणेन. २०१५ चा, टोबी फॉक्सने संगीतासकट जवळजवळ एकट्याने केलाय, आणि कुठल्याही जुन्या मशीनवर चालतो. समोर आलेल्या कुणालाच मारायची सक्ती नाही, प्रत्येकाशी बोलून, त्याला काय हवंय ते ओळखून सोडून देता येतं, आणि कोणाला मारलं कोणाला सोडलं हे गेम विसरत नाही. मी शेवटी रडले आहे. पण प्रामाणिकपणे सांगते, शत्रूची पाळी आली की छोटं लाल हृदय गोळ्यांमधून वाचवावं लागतं, तिथे बोटं चपळ लागतात, म्हणून तुझ्यासाठी हा दुसरा ठेव. आणि स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात, पण आरपीजीचे पहिले दोन तास बहुतेक वेळा नुसती ओळख होण्यात जातात, तेव्हा चालतोय ना, अक्षरं वाचता येतायत ना हे पहिल्या अर्ध्या तासातच बघून घे.

डिचोलीची_मुलगी
देव बरें करूं सगळ्यांचं. क्रोनो ट्रिगर घेतला. चवथीला मावसभाऊ येईल तेव्हा बाल्डर्स गेटचं विचारते त्याला.

डिचोलीची_मुलगी
आठ दिवसांनी परत आले, फोंडेकर, तुम्ही आधी सांगितलं असतं तर! जत्रेत टेबलावर कुणाचा तरी डबा दिसला, गेममध्ये दिसेल ते उचलायचं असतं अशा समजुतीने मी तो खाऊन टाकला, हरवलेलं मांजर मात्र त्या छोट्या मुलीला नेऊन दिलं होतं. आणि काल रात्री मला कोर्टात उभं केलं, डबेवाला म्हातारा साक्षीला आला! मुलगी माझ्या बाजूने बोलली तेव्हा मला एवढं बरं वाटलं की काय सांगू, मग सातही पंच एकेक करून मत देतात आणि मी श्वास धरून बघत बसलेय. शेवटी तुरुंगात गेलेच. दीड वाजला झोपायला, सकाळची बस चुकता चुकता वाचली. आता कोठडीत आहे, तिथे पुढे काय करायचं ते कळत नाही.

फोंडा_जुनेगेम
दाराचे गज हलवून बघा. एकदा हलवून थांबू नका, पहारेकरी चिडेपर्यंत हलवा.